टेकडीवरचा वर्ग आणि गाद्यांच्या दुकानावरचा

भांडारबाईंच्या हातून एकवीस वर्षांत लसीची एकही बाटली वाया गेली नव्हती. त्यांच्याबद्दल कुणीही बोलायला लागलं की हे वाक्य पहिलं यायचं आणि बहुतेक वेळा तेच शेवटचंही असायचं. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचं लसभांडार म्हणजे तळघरातली एक लांबट खोली. तिच्यात सहा फ्रीज, एक टेबल, एक खुर्ची आणि भांडारबाई. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा प्रत्येक फ्रीजचं तापमान वहीत लिहायचं. ते दोन ते आठ अंशांच्या मध्ये असलं की जग ठीक चाललंय असं समजायचं. सहाही फ्रीज दिवसभर एका सुरात घुमत असत, आणि दुपारी दोन ते चार त्या सुरावर भांडारबाई डोळे उघडे ठेवून तरंगत असत. कामात चूक नसल्यामुळे याला कुणी हरकत घेत नव्हतं.

लसीच्या भांडाराचा एक नियम असतो. ज्या बाटलीची मुदत आधी संपते ती पुढे ठेवायची आणि तीच आधी बाहेर काढायची. नियम साधा आहे, पण एकवीस वर्षं पाळला की तो माणसाच्या हाडीमाशी खिळतो. भांडारबाईंच्या घरी बिस्किटांचे पुडे, खोकल्याचं औषध, विम्याचे कागद, सगळं मुदतीच्या क्रमाने उभं असे. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि जिभेला धार लावण्याचा उद्योग त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. त्या एकदा म्हणाल्या, "मला पुढची खोली का दिलीय, ते आत्ता माझ्या लक्षात आलं."

तर अशा या सुरळीत आयुष्यात एक खडा होता. तो दर गुरुवारी यायचा.

रोज सकाळी निळे डबे बर्फाच्या थैल्या घालून केंद्रांकडे जात आणि संध्याकाळी ड्रायव्हर ते परत आणी. दहा केंद्रांचे डबे हलके होऊन यायचे. अकरावं कालव्यापलीकडचं. त्या केंद्रात लस फक्त गुरुवारी असे, आणि तिथला डबा गेला तसा परत यायचा. चाळीस बाटल्या जायच्या, अडतीस-एकोणचाळीस यायच्या. भांडारबाई प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक रबरबँड अडकवत, म्हणजे ही एकदा फिरून आलेली आहे हे कळावं, आणि शुक्रवारी ती दुसऱ्या केंद्राला धाडत. त्यामुळे वाया काहीच जात नसे. वहीत 'वाया: शून्य' लिहिलं जाई, आणि त्या शून्याबद्दल त्यांना चौकट घातलेलं प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं. पण परत आलेली बाटली म्हणजे न टोचलेली मुलं, हा साधा हिशेब प्रशस्तिपत्रकात बसत नव्हता. एकदा धीर करून त्यांनी अहवालात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'का?' पंधरा दिवसांनी वरून उत्तर आलं, 'शेऱ्याच्या रकान्यात प्रश्न विचारू नयेत.'

पुढे एका अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात एक सडपातळ प्राध्यापिका आल्या. त्यांनी भिंतीवर शहराचा नकाशा लावला. त्यावर आजाराचे लाल ठिपके होते. सगळे ठिपक्यांकडे बघत असताना त्या म्हणाल्या, "ठिपके कुठे नाहीत तेही बघा. आणि तिथे का नाहीत ते विचारा. आमचा विषय एवढाच आहे." बाकीचे प्रशिक्षणार्थी त्या वेळी चहाच्या ट्रेकडे बघत होते. भांडारबाई मात्र खुर्चीत सरळ झाल्या. 'का' विचारायला शिकवणारा एक विषय आहे, त्याची पदवी मिळते, आणि पदवी असलेल्या माणसाचा प्रश्न कुठल्याही रकान्यात चालतो, हे त्यांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार त्या कुठे तरंगत जात, हे सांगायला नको.

पण स्वप्नाला वयाची अट होती. खातं दरवर्षी एका कर्मचाऱ्याची पदव्युत्तर शिक्षणाची फी भरत असे आणि अभ्यासरजाही देत असे. पंचेचाळीस पूर्ण झाली की दोन्ही बंद. भांडारबाईंची पंचेचाळीस व्हायला अडीच महिने उरले होते.

त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची तीन माहितीपत्रकं मागवली. पहिलं शहराच्या टोकाला, टेकडीवरच्या जुन्या विद्यापीठाचं. त्याच्या मुखपृष्ठावर झाडाखाली बसलेली एक बाई पुस्तक वाचून खुदकन हसत होती. आरोग्याच्या पुस्तकात एवढं हसण्यासारखं काय असतं ते भांडारबाईंना कळेना, पण ते हसू मिळणार असेल तर फी कितीही असो, असं त्यांना वाटलं. आतल्या पानावर ग्रंथालयाची उंच, लांब खिडकी होती. त्या खिडकीशी एक खुर्ची रिकामी होती. छायाचित्रकाराने ती कुणासाठी रिकामी ठेवली होती, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही. दुसरा अभ्यासक्रम टपालाने, घरबसल्या. तिसरा 'गतिमान उच्चशिक्षण संस्था' नावाच्या संस्थेचा. त्या माहितीपत्रकावर पुस्तकही नव्हतं आणि झाडही नव्हतं, एक धावणारा माणूस होता.

भांडारबाईंचे यजमान वजनमाप खात्यात निरीक्षक होते. बाजारात त्यांना तराजूसाहेब म्हणत. कुठलाही निर्णय मोजून घ्यावा असं त्यांचं मत होतं आणि काटा घरातच होता. त्यांनी तिन्ही माहितीपत्रकं त्यावर ठेवली.

"टेकडीवाल्याचं दोनशे दहा ग्रॅम," ते म्हणाले. "गतिमान सत्तर. त्यातले वीस पाकिटाचे."

"अहो, शिक्षण असं वजनावर घेतात का?"

"मी फक्त माल किती आहे ते सांगतोय. दर तू बघ."

तळमजल्यावर एक दंतवैद्यकाका राहत. सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, कारण सल्ला घेणाऱ्याचं तोंड त्या वेळी उघडं असे आणि त्यात त्यांचा आरसा असे. नेमकी त्याच आठवड्यात भांडारबाईंची दाढ ठणकली.

"मी सांगतो, टपालाचा करा," काका दाढ कोरता कोरता म्हणाले. "या वयात टेकडी चढायची म्हणजे गुडघे. आणि वर्गात पोरीबाळी. त्या तुम्हाला काकू म्हणणार. म्हणणार की नाही?"

"आँ," भांडारबाई म्हणाल्या.

"बघा, तुम्हालाही पटतंय. म्हणजे ठरलं ना टपालाचं?"

"आँ आँ!"

"शाब्बास," असं म्हणून काकांनी दाढ भरली. संध्याकाळपर्यंत भांडारबाई टपालाने डॉक्टर होणार असल्याची बातमी चारही मजल्यांवर पोचली. डॉक्टर नाही हो, आरोग्याची पदवी, असं चार मजल्यांवर चार वेळा समजावताना त्यांच्या भरलेल्या दाढेला पुन्हा कळ लागली.

घरी खरी परीक्षा निराळीच चालली होती. प्रवेशासाठी 'मी हा अभ्यासक्रम का करू इच्छिते' असं एक पत्र लिहायचं होतं. भांडारबाईंनी लिहिलं, 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.' सासूबाईंनी लाल पेन्सिल काढली.

"लहानपणी मी तुला ओळखत नव्हते, म्हणून तेवढं सोडून देते. लग्न झाल्यापासून तरी मला ही आवड दिसली नाही. खोडू?"

"खोडा."

दुसरा मसुदा 'आजच्या गतिमान युगात' असा सुरू होत होता. सासूबाईंनी तो वाचलाच नाही. "हे तुझं नाही," एवढंच म्हणून परत दिला. एखाद्या सुनेने चव्वेचाळिसाव्या वर्षी सासूकडून निबंध तपासून घ्यावा, यात मानहानी कुठे सुरू होते आणि माया कुठे, ते सांगणं कठीण आहे. भांडारबाईंना त्या वेळी फक्त मानहानी दिसत होती.

शेवटी टेकडीचं विद्यापीठ नक्की झालं. तराजूसाहेबांनी तसं जाहीर केलं आणि सासूबाईंनी मान डोलावली. राहिला खात्याच्या मंजुरीचा प्रश्न. त्यासाठी भांडारबाई तळघरातून तिसऱ्या मजल्यावर हेडक्लार्कपुढे उभ्या राहिल्या. हेडक्लार्क सज्जन माणूस होता. नियम त्याला इतके प्रिय होते की ते वाचून दाखवताना त्याचा आवाज हळवा व्हायचा.

"प्रवेशपत्र जोडल्याशिवाय खात्याला फी मंजूर करता येत नाही, बाई."

"पण विद्यापीठ म्हणतं, फीची हमी दाखवल्याशिवाय प्रवेशपत्र देता येत नाही."

"त्यांचंही बरोबर आहे," हेडक्लार्क म्हणाला, आणि दोन्ही नियमांच्या सौंदर्यात क्षणभर हरवून गेला. मग त्याने मार्ग सांगितला. पदरची अनामत भरायची, म्हणजे संस्था तात्पुरतं प्रवेशपत्र देते. ते थेट त्याच्याकडे येऊ द्यायचं. "मात्र एक ध्यानात ठेवा. संस्थेचं नाव एकदा माझ्याकडे नोंदलं गेलं की बदलत नाही."

अनामत भांडारबाईंच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. ती भरण्यासाठी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली, घरी येऊन फळीवरून पाकीट उचललं आणि त्या बँकेत गेल्या.

पुढे जे घडलं त्याबद्दल त्यांना बोल लावण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की त्या वेळी दुपारचे अडीच वाजले होते. रांग लांब होती आणि डोक्यावर पंखा थेट सातव्या फ्रीजसारखा घुमत होता. भांडारबाई रांगेत उभ्या होत्या आणि त्याच वेळी टेकडीही चढत होत्या. वाटेवर वाळकी पानं होती. वर्गात ती सडपातळ प्राध्यापिका नकाशा लावत होती, आणि मागच्या बाकावरून एक बाई हात वर करून विचारत होती, "पण का?" सगळा वर्ग मागे वळून बघत होता. खिडकीतून ऊन आत येत होतं. कुणीही तिला काकू म्हणत नव्हतं.

"नाव?" बँकेतला कारकून म्हणाला.

भांडारबाईंनी उन्हातूनच पाकीट पुढे केलं. कारकुनाने त्यातला अर्ज काढला, शिक्का मारला आणि पावती दिली. पावतीची घडी न उघडता पर्समध्ये ठेवून त्या बस पकडून घरी आल्या. इतक्या सुखात त्यांनी पैसे यापूर्वी कधीच भरले नव्हते.

पाचव्या दिवशी हेडक्लार्क स्वतः तळघरात आला. हातात बिस्किटांची बशी होती.

"अभिनंदन, बाई! प्रवेशपत्र आलं. मी नाव नोंदलं आणि मंजुरीही घेऊन टाकली. इतक्या झटपट मंजुरी माझ्या नोकरीत झालेली नाही. सूचनाफलकावर लावलंय, बघून या."

भांडारबाई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. फलकावर लिहिलं होतं: 'भांडारपाल यांची गतिमान उच्चशिक्षण संस्थेत, गादी भांडारावर, दुसरा मजला, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी निवड झाल्याबद्दल खात्यातर्फे हार्दिक अभिनंदन.'

भांडारबाईंनी फलक दोनदा वाचला. घरी येऊन त्यांनी फळीकडे पाहिलं. दोन पाकिटं उभी होती. टेकडीचं सगळ्यात मागे, कारण त्याची अर्जाची मुदत महिन्याच्या तीस तारखेपर्यंत होती. टपालाचं त्याच्या पुढे, मुदत वीस. सगळ्यात पुढची जागा रिकामी होती. गतिमानची मुदत दहा तारखेला संपत होती. मन टेकडीवर गेलं होतं, पण हात नियमाने वागला होता. आधी संपणारं आधी बाहेर.

"म्हणजे वजन करून उपयोग काय झाला?" तराजूसाहेब दुखावल्या स्वरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भांडारबाई गतिमान संस्थेत गेल्या. दुसऱ्या मजल्यावर जायचा जिना गाद्यांच्या दुकानातूनच होता. दोन्ही बाजूंना छपरापर्यंत रचलेल्या गाद्या, मधून एक मऊ, अंधारी वाट. तिथे पावलांचा आवाज येत नव्हता आणि विक्रेतासुद्धा कुजबुजत बोलत होता. "सिंगल दाखवू की डबल?" त्याने विचारलं. "पदव्युत्तर," असं म्हणून भांडारबाई जिना चढल्या.

वर एक प्राचार्य बसले होते. त्यांनी आधी दोन्ही हात जोडले, मग पाणी मागवलं आणि मग भांडारबाईंचं काम विचारलं. लसभांडार हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, तुम्ही देवासारख्या आलात! लसीकरणाचा पेपर शिकवायला आम्हाला माणूस मिळत नाहीये. तुम्ही शिकवाल?"

"मी इथे विद्यार्थिनी आहे हो."

"तेच म्हणतोय मी. सोमवारी शिका, मंगळवारी शिकवा."

"आणि माझा पेपर तपासणार कोण?"

"तुमच्याइतकं जाणकार दुसरं कोण आहे इथे?" प्राचार्य म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. भांडारबाईंनी अनामत परत मागितली. त्यावर त्यांनी माघारीचा छापील अर्ज काढला. माघारीची कारणं तीनच होती: मृत्यू, स्थलांतर, किंवा दीर्घ आजार. 'पाकीट पुढे होते' असं कारण त्यात नव्हतं.

घरी सासूबाईंनी अर्ज वाचला. "मृत्यू लिही, हवं तर माझा," त्या म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही. फक्त तारीख सोयीची घाल, बुधवारी मला डोळे तपासायला जायचंय."

खात्यात तर आणखीच पंचाईत झाली. दारात भेटेल तो अभिनंदन करत होता. ज्या लोकांनी एकवीस वर्षांत भांडारबाईंना 'बर्फ आहे का' याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं, ते आता पेढ्यांची चौकशी करत होते. हेडक्लार्क म्हणाला, "बाई, फी मंजूर आहे. संस्था नोंदलेली आहे. जायचं तर तिथे जा, नाहीतर मंजुरी नाकारा. पण मिळालेली मंजुरी आजवर कुणी नाकारलेली नाही. त्याचा छापील नमुनासुद्धा नाही."

तो दिवस भांडारबाईंनी फ्रीजसमोर बसून काढला. दहा महिने गादीच्या दुकानावर बसलं की पदवी मिळत होती, खात्याच्या पैशाने, बिनबोभाट. शेजारीपाजारी कुणी फरक विचारणार नव्हतं. पण गुरुवारच्या डब्याचं काय? तिथे आपणच आपल्याला शिकवायचं, तर जे आपल्याला माहीत नाही ते कोण शिकवणार? त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि नमुना नसलेलं पत्र लिहिलं: 'मंजुरीबद्दल आभारी आहे. ती मी स्वीकारू शकत नाही.' सही केली आणि पत्र वर पाठवून दिलं. घरात हसत-खेळत भरता येईल इतकी टेकडीची फी नव्हती.

अनामतीवरून मात्र तराजूसाहेब हटून बसले. त्यांनी संस्थेला तीन पत्रं लिहिली. चौथ्या दिवशी दुकानाचा टेम्पो दारात आला. संस्थेचे आणि गाद्यांचे मालक एकच होते, आणि ते व्यवहाराला चोख निघाले. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'अनामत रोख परत करण्याची पद्धत नाही. सबब तितक्या किमतीचा माल पाठवत आहोत.'

गादी डबल होती, जाडजूड, पाठीच्या विकारांसाठी खास बनवलेली. ती जिन्याच्या वळणावर अडकली. दंतवैद्यकाका खालून ओरडले, "मुळाशी धरा, मुळाशी! आधी हलवून सैल करा, मग ओढा!" तासभराने ती निघाली आणि वर आली. ती मावेल अशी घरात एकच जागा होती, पुढची खोली. सासूबाई तिच्यावर आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पदवी मऊ आहे हो."

भांडारबाईंना हसूही आलं आणि रडूही. त्या बाहेर जायला निघाल्या, तेव्हा सासूबाईंनी हाक मारली.

"ते पत्र लिहिलंस का पुन्हा?"

तिसरा मसुदा तयार होता. त्यात ना लहानपण होतं ना युग. फक्त कालव्यापलीकडचं केंद्र होतं, गेला तसा परत येणारा डबा होता, आणि चौकटीतलं शून्याचं प्रशस्तिपत्रक होतं. सासूबाईंनी लाल पेन्सिल उचलली आणि वाचायला घेतलं. वाचून झालं तरी पेन्सिल हवेतच होती. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि उशीखालून आपलं बँकेचं पुस्तक काढलं.

"हे मी माझ्या आजारपणासाठी ठेवलेत. पहिल्या वर्षाची फी निघेल. दुसऱ्या वर्षाचं माझा मुलगा बघेल, तो वजनमापे करतो तरी कशासाठी?"

"नको, आई. ते तुमचे आहेत."

"ऐक. तुझ्याच नियमाने चालू. तुझ्या-माझ्यात मुदत कुणाची आधी संपणार?"

"आई, असं काय बोलता?"

"मग माझे आधी बाहेर नकोत निघायला?"

भांडारबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि ढसाढसा रडल्या. सासूबाईंनी जरा वेळ रडू दिलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता पुरे. गादी नवी आहे."

टेकडीच्या विद्यापीठाने अर्ज तीस तारखेला दुपारी घेतला. पुढे महिनाभर भांडारबाईंनी टपालपेटीचा पिच्छा पुरवला. शेवटी प्रवेशपत्र आलं. त्या पाकिटाला मोगऱ्याचा वास येतो असं त्यांना वाटलं, पण तराजूसाहेबांना तो डिंकाचा वाटला. आता खात्याकडून फक्त बिनपगारी अभ्यासरजा हवी होती, आणि ती मोठ्या साहेबांच्या एका सहीवर मिळणार होती. सही शनिवारच्या आत हवी होती. शनिवारी त्यांना पंचेचाळीस पूर्ण होत होती.

अर्ज सोमवारी गेला. मंगळवारी साहेब बैठकीत होते. बुधवारी ते दौऱ्यावर होते. गुरुवारी दुपारपर्यंत वरून काहीच आलं नाही. हेडक्लार्क येऊन म्हणाला, "साहेबांनी तुमची फाइल मागवून घेतलीय. पण ते सही करत नाहीयेत, नुसते वाचत बसलेत. वाचणं हे चांगलं लक्षण नाही, बाई."

चार वाजता ड्रायव्हर कालव्यापलीकडचा डबा घेऊन आला, आणि त्याच्या मागोमाग मोठे साहेब. ते तळघरात प्रथमच येत होते, त्यामुळे दाराची चौकट त्यांच्या कपाळाला लागली. एका हाताने कपाळ चोळत, दुसऱ्या हातात अर्ज आणि त्याला जोडलेलं ते पत्र घेऊन ते उभे राहिले.

"यात लिहिलंय ते खरं आहे? डबा तसाच परत येतो?"

भांडारबाईंनी झाकण काढलं. साहेबांनी वाकून स्वतः बाटल्या मोजल्या. एकोणचाळीस.

"का येतात परत?"

"माहीत नाही, साहेब."

"इतकी वर्षं तुम्ही इथे आहात."

"मी इथेच आहे, साहेब. इथून ते केंद्र दिसत नाही."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. कपाळावर हळूहळू टेंगूळ येत होतं. मग त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "गाडीत तिघांना जागा आहे?"

कालव्यापलीकडे पोचायला पाच वाजून गेले. केंद्राला कुलूप होतं. दारावर पाटी होती: 'गुरुवार, सकाळी दहा ते तीन.' साहेब पायरीवर बसले. भांडारबाई एक पायरी खाली बसल्या. कलत्या उन्हात कालव्याचं पाणी हळूहळू चाललं होतं, आणि एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याशेजारी बसून बोलायचं तरी काय, हा त्यांना प्रश्न पडला होता. इतक्यात पलीकडच्या कारखान्याचा भोंगा झाला आणि पुलावरून बायका येऊ लागल्या. कुणाच्या कडेवर पाळणाघरातून उचललेलं मूल, कुणाच्या हाताला धरलेलं. त्यांतली एक पायरीपाशी थांबली.

"आज उघडं आहे का?" तिने विचारलं.

"तुम्ही गुरुवारी येत नाही का?" भांडारबाईंनी विचारलं.

"कशा येणार, ताई? हे दहाला उघडतं नि तीनला बंद होतं. आम्ही सातला कामावर जातो ते आत्ता येतो. एक दिवस बुडवला तर दोन दिवसांचे कापतात." तिने कडेवरचं मूल सावरलं. "आम्हाला कुणी विचारलंच नाही कधी."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. "पुढच्या गुरुवारपासून चार ते आठ," ते ड्रायव्हरला म्हणाले. तिथे हुकूम द्यायला दुसरं कुणीच नव्हतं. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "झालं की हो, बाई! उत्तर मिळालं. दहा मिनिटांत, तेही फुकट. आता दोन वर्षांची रजा कशाला हवी?"

भांडारबाईंनी पाटीकडे पाहिलं. खरंच, आता कशाला? ती लांब खिडकी, खिडकीशी असलेली खुर्ची, सगळं क्षणभर धूसर झालं. एका पाटीवरच्या दोन आकड्यांसाठी आपण सासूचं आजारपण खर्ची घातलं की काय? त्या बायकांकडे बघत राहिल्या. पुलावरून अजूनही येतच होत्या.

"साहेब," त्या सावकाश म्हणाल्या, "हा एवढा प्रश्न विचारायला मला इथे यायला इतकी वर्षं लागली. पुढचा लवकर विचारता यावा, म्हणून जातेय."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. टेकायला काही दिसेना, तेव्हा त्यांनी पुन्हा पायरीवर बसून गाडीतल्या एका रिकाम्या निळ्या डब्याचं झाकण मांडीवर घेतलं, त्यावर अर्ज पसरला आणि सही केली. तारीख घालायची राहिली होती, ती भांडारबाईंनी आठवण करून घालून घेतली.

ती बाई अजून तिथेच उभी होती. "म्हणजे पुढच्या गुरुवारी येऊ ना आम्ही, ताई?" तिने विचारलं. "तुम्ही असाल का?"

"या तुम्ही," भांडारबाई म्हणाल्या. "मी नसेन. पण दार उघडं असेल."